ट्रान्समिशन कूलर बसवल्यावर गिअरबॉक्स एअर धरतोय? कूलर काढायच्या आधी हे बघा

ऑटोमॅटिक गाडीला गिअरबॉक्सचं ऑईल गार करणारा जादाचा कूलर बसवला आणि तेव्हापासून गाडी नीट चालेना, ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा येते की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचा प्रश्न मला माहीत असतो. "एअर अडकलीय, ब्लीड कशी करायची?" आता खरं सांगू का, ब्लीड करायला काही नसतंच. ब्रेकला असतो तसा निपल इथे नाही आणि त्याची गरजही नाही, कारण ऑईल फिरायला लागलं की कूलरमधली हवा त्याच्याबरोबर ढकलली जाऊन चेंबरमधे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी ऑईल साठतं तिथे, येते आणि तिथून ब्रीदरवाटे, म्हणजे हवा सोडायच्या भोकातून, बाहेर जाते.

त्यामुळे आधी एवढंच ठरवा. कूलर बसवल्यावर पहिल्या एक दोन फेऱ्यांत त्रास झाला आणि नंतर आपोआप थांबला तर ती अडकलेली हवा होती, विषय संपला, फक्त लेव्हल परत बघा. पण त्रास रोजचा असेल, टॉप-अप केलं की थोडे दिवस बरं आणि परत पहिले पाढे, तर ती अडकलेली हवा नाहीच. एकतर ऑईल कमी किंवा जास्त आहे, नाहीतर कुठून तरी नवीन हवा आत ओढली जातेय. हे न बघता लोक कूलर काढतात, उलटा करून बसवतात, परत काढतात, आणि दर वेळी थोडं थोडं ऑईल सांडून मूळ आजार वाढवतात.

लक्षणं

सगळी एकदम दिसतीलच असं नाही, दोन तीन जुळली तरी पुढचं वाचा.

- थंड गाडी स्टार्ट करून डी किंवा आर टाकला की लगेच पकडत नाही, एक दोन सेकंद नुसती थांबते आणि मग धक्का देऊन निघते.
- रेसबरोबर वाढत जाणारा घुंईं असा आवाज, साधारण पॉवर स्टेअरिंगचं ऑईल कमी झाल्यावर येतो तसा. तो पंपाचा.
- गिअर बदलताना आरपीएम वर जातो पण गाडी उचलत नाही.
- डिपस्टिकवर बुडबुडे किंवा फेस.
- लेव्हल आज बरोबर, उद्या कमी, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही.
- ब्रीदरमधून किंवा डिपस्टिकच्या नळीतून ऑईल बाहेर आलेलं.
- गाडी भरपूर चालवून आणली तरी नवा कूलर थंडगार, किंवा अर्धा गरम अर्धा थंड.

यातली गंमत बघा, ऑईल कमी असेल तर पंप चेंबरच्या तळातून ऑईलबरोबर हवा ओढतो आणि फेस होतो. आणि जास्त असेल तर आतले फिरणारे गिअर ऑईलमधे बुडून ते घुसळतात, आणि परत फेसच होतो. दोन्हीचा आवाज तोच, दोन्हीचं घसरणं तेच. म्हणून फेस दिसला की डोळे मिटून अर्धा लिटर ओतायचं नाही.

पैसे न लागणारी तपासणी आधी: लेव्हल

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. ऑईल पूर्ण गरम पाहिजे, म्हणजे इंजिन पाच मिनिटं उभ्या उभ्या चालवलेलं नाही, पंधरा वीस मिनिटं खरोखर चालवून आणलेली गाडी, कारण गिअरबॉक्सचं ऑईल इंजिनच्या कूलंटपेक्षा बरंच सावकाश तापतं. काट्यावर कूलंट नॉर्मल दिसला म्हणजे गिअरबॉक्स तापला असं नसतं. मग ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असं सगळ्या गिअरमधून दोन तीन सेकंद थांबत फिरवा आणि परत पीमधे आणा. इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, परत घाला, काढा, वाचा.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, सगळ्या गाड्यांना हीच पद्धत नाही. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमधे गाडी गरम करून इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह क्रायस्लर आणि डॉजमधे पीला नाही, एनला बघतात, कारण त्या गिअरबॉक्समधे पीला कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरकडे ऑईल जातच नाही. अशा गाडीला कूलर बसवून कोणी पीमधे अर्धा तास चालू ठेवली तरी कूलर कोराच राहतो, आणि मग एनला टाकल्याबरोबर लेव्हल धाडकन खाली येते आणि माणूस म्हणतो एअर अडकली होती. आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतंय ते आधी वाचा.

डिपस्टिकच्या एका बाजूला ऑईल वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसत असेल तर खालची खूण खरी. वरचं ऑईल नळीच्या भिंतीला लागलेलं असतं. थंड ऑईलवर गरमच्या खुणेपर्यंत भरण्याचा प्रकारही फार होतो. ऑईल तापल्यावर फुगतं, आठ लिटर ऑईल २० अंशावरून ९० अंशाला गेलं की साधारण ४०० मिली वाढतं, म्हणजे थंड असताना बरोबर दिसणारी लेव्हल गरम झाल्यावर सरळ ओव्हरफिल.

कमी असेल तर एका वेळी २०० ते २५० मिलीच घाला, मिनिटभर थांबा, परत बघा. जास्त असेल तर डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने किंवा हातपंपाने ओढून घ्या, त्यासाठी चेंबर खोलायची गरज नाही.

डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत खाली चेक प्लग असतो आणि ऑईल ठराविक तापमानाला असताना, बऱ्याच गिअरबॉक्समधे ३० ते ५० अंशांच्या मधे कुठेतरी, इंजिन चालू ठेवून तो उघडून बारीक धार येते का ते बघायचं असतं. गाडी चारी बाजूंनी सारखी उचललेली पाहिजे आणि तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, दिसलं पाहिजे. या दोन गोष्टी तुमच्याकडे नसतील तर इथेच थांबा आणि लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. जॅकवर एका बाजूने उचललेल्या गाडीत मापलेली लेव्हल ही लेव्हल नव्हे, आणि चालू गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरणं तर अजिबात नको.

ऑईल कुठलं घातलंय

हे पटकन बघून पुढे जाऊ. डेक्स्रॉन सिक्स, मर्कॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस, एटीएफ प्लस फोर ही सगळी लाल असली तरी एक नाहीत, आणि सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑईल तर साध्या ऑटोमॅटिकमधे घालायचंच नाही, उलटही नाही. टॉप-अप करताना हाताला लागेल तो डबा ओतला असेल तर फेस आणि गिअरचे धक्के त्यानेही येऊ शकतात, कारण फेस न होऊ देणारी रसायनं प्रत्येक ऑईलमधे वेगळी असतात. फिल्टरबिल्टर उघडण्याआधी डब्यावरचं नाव वाचणं सोपं.

होज आणि क्लॅम्प

इथे लोकांचा एक गैरसमज असतो. गाडी चालू असताना कूलरच्या लाइनमधे प्रेशर असतं, त्यामुळे जॉइंट ढिला असेल तर ऑईल बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. म्हणजे चालू गाडीतला फेस कूलरच्या होजमुळे होतोय असं म्हणणं बहुतेक वेळा चूकच. पण इंजिन बंद झालं की प्रेशर संपतं, आणि कूलर गिअरबॉक्सच्या वर असेल तर त्यातलं ऑईल खाली चेंबरकडे यायला बघतं. जॉइंट घट्ट असेल तर ते जागीच लटकून राहतं. जॉइंट बारीकसा ढिला असेल तर तिथून हवा आत शिरते आणि रात्रभरात कूलर रिकामा. बाहेर थेंबही पडत नाही, फक्त सकाळी गिअर उशिरा पकडतो, आणि थंड गाडीची डिपस्टिक बघितली तर लेव्हल नेहमीपेक्षा वर दिसते. सकाळी जास्त आणि चालवल्यावर बरोबर असं दिसलं तर पहिला संशय या जॉइंटवर घ्या. दुसरा संशय कन्व्हर्टरमधून ऑईल परत येऊ न देणाऱ्या वॉल्ववर, पण तो गिअरबॉक्सच्या आतला मामला आहे, त्याला आपण हात लावत नाही.

तर सगळे जॉइंट फडक्याने कोरडे पुसा, गाडी चालवून आणा, टॉर्च मारून बघा. होज लोखंडी पाइपवर निदान २५ मिलिमीटर चढलेला पाहिजे आणि पाइपच्या टोकाला जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या मागे क्लॅम्प बसलेला पाहिजे. पाइप कापून कंगोरा नसलेल्या गुळगुळीत टोकावर होज चढवला असेल तर तो एक दिवस निसटणार, आणि निसटला की गिअरबॉक्स अर्ध्या मिनिटात कोरडा व्हायला लागतो, शिवाय गरम एक्झॉस्टवर ऑईल उडून आग लागायची भीती. ते आधी दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. होज ट्रान्समिशन ऑईलसाठीचाच पाहिजे, त्यावर एसएई जे१५३२ असं छापलेलं असतं. हीटरचा रबरी पाइप ऑईलने फुगतो आणि मऊ पडतो, पेट्रोलचा साधा पाइप गरम ऑईलला टिकत नाही.

होजचा रस्ताही बघा. रेडिएटरच्या पट्टीवरून वर चढवून परत खाली आणलेला होज म्हणजे मुद्दाम केलेला उंचवटा, तिथे हवा बसते. ती वाहत्या ऑईलबरोबर निघून जाते हे खरं, पण दर वेळी बंद केल्यावर परत तिथेच जमायची शक्यता राहते. शक्यतो होज गिअरबॉक्सपासून कूलरपर्यंत एकसारखा चढत जाईल असा न्या. तीव्र वळण नको, वळणावर होज चपटा झाला की फ्लो मेला.

पितळी फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची हौस असते लोकांना. फ्लेअरच्या, म्हणजे पसरट तोंडाच्या, फिटिंगमधे सील धातू धातूवर होतं, आट्यांवर नाही, तिथे टेप लागतच नाही, आणि तिचे तुकडे आत गेले की वॉल्व बॉडीपर्यंत, म्हणजे गिअर बदलायला ऑईल वळवणाऱ्या भागापर्यंत, प्रवास करतात. रेडिएटरवरचं फिटिंग सोडताना दोन पाने लावा, एकाने टाकीकडचा नट धरा आणि दुसऱ्याने फिरवा. टाकीकडचा नट फिरला तर रेडिएटरच्या टाकीत कंपनीने बसवलेला गिअरबॉक्सचा मूळ कूलर पिळवटतो, आणि त्याचं पुढे काय होतं ते खाली येईलच.

कूलरचं तोंड कुठे आहे

आता मूळ विषय. कूलर दोन जातींचे मिळतात असं धरून चाला. एक नळीचा, एकच नळी नागमोडी फिरवलेली आणि तिला पत्र्याच्या पट्ट्या. दुसरा प्लेटचा, शेजारी शेजारी बरेच चपटे मार्ग आणि दोन्ही टोकांना जोडणारी वाट.

नळीच्या कूलरमधे ऑईलला जायला एकच रस्ता असतो, त्यामुळे मागून येणारं ऑईल पुढची हवा ढकलतंच, तोंड खाली असलं तरी बहुतेक वेळा निभावतं. प्लेटच्या कूलरमधे तसं नाही. तिथे ऑईलला दहा वाटा असतात आणि ते सोप्या वाटेने जातं. दोन्ही तोंडं खाली करून बसवला तर ऑईल खालच्या भागातूनच इकडून तिकडे निघून जातं आणि वरच्या भागात हवा बसून राहते. गिअरबॉक्स यामुळे लगेच खराब होत नाही, पण तुम्ही पूर्ण कूलरचे पैसे दिलेत आणि काम अर्धाच करतोय.

म्हणून नियम सोपा आहे. दोन्ही तोंडं वर, किंवा बाजूला. बाजूला असतील तर ऑईल खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर, म्हणजे हवा वर चढते आणि वरूनच निघून जाते. तोंडं खाली ही शेवटची निवड, जागाच नसेल तरच, आणि तेही नळीच्या कूलरला.

अर्धा कूलर भरलाय का हे ओळखायचं असेल तर गाडी चांगली तापवून आणा, इंजिन चालूच ठेवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने कूलरवर वर, मधे, खाली असं मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे मीटर खोटं बोलतं, म्हणून आधी तिथे मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि टेपवर मोजा. खाली गरम आणि वरचा पट्टा गार असेल तर वर हवा आहे. सगळा कूलर बाहेरच्या हवेइतकाच गार असेल तर ऑईल येतच नाही, त्याकडे आता येतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू सारखीच गरम असेल तर ऑईल फिरतंय पण वारा लागत नाही, जागा बदला. पंखा मधेच सुरू झाला तर आकडे बदलतात, हे लक्षात असू द्या. पंख्यापासून हात आणि मीटरची दोरी लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो.

तोंड बदलायला कूलर काढलाच असेल तर परत बसवायच्या आधी तो भरून घ्या. तोंडं वर धरून ताजं ऑईल हळूहळू ओता, कूलर थोडा डावी उजवीकडे कलता करा, बुडबुडे यायचे थांबले की टोपणं लावा. होजही भरून घ्या, १० मिलिमीटर आतल्या मापाच्या होजमधे मीटरला साधारण ८० मिली बसतं. असं केलं की पहिल्या स्टार्टला पंपाला रिकामा कूलर भरत बसावं लागत नाही. बऱ्याच गिअरबॉक्समधे कूलरमधून परत येणारं ऑईलच आतल्या गिअर आणि बुशना वंगण म्हणून जातं, म्हणजे कूलर भरेपर्यंतचा वेळ ते कोरडे फिरतात, म्हणून हा खटाटोप.

पहिला स्टार्ट करताना रेस द्यायची नाही. अर्धा एक मिनिट आयडलवर, बंद, लिकेज आणि लेव्हल बघा, लागलं तर भरा. परत स्टार्ट, सगळे गिअर फिरवा, परत बघा. मग गरम होईपर्यंत चालवून वर सांगितल्यासारखी लेव्हल घ्या, आणि दुसऱ्या दिवशी एकदा.

आणि कूलर बसवताना रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मला अजिबात पटत नाहीत. गाडी हादरते तसा कूलर कंडेन्सरवर घासत राहतो आणि एक दिवस एसीचा गॅस जातो. दोन पट्ट्या वाकवून ब्रॅकेट करा.

थर्मोस्टॅट आहे का

"सगळं बरोबर केलं, लेव्हल बरोबर आली, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर कमी, खाली थेंब नाही." हे ऐकलं की मी विचारतो लाइनमधे थर्मोस्टॅट आहे का. बऱ्याच नव्या गाड्यांत असतो, काही जण कूलरबरोबर वेगळाही लावतात. ऑईल गरम होईपर्यंत तो कूलरची वाट बंद ठेवतो आणि ऑईल जवळच्या जवळ परत पाठवतो. उघडण्याचं तापमान गाडीप्रमाणे साधारण ७० ते ९० अंशांच्या मधे. म्हणजे तुम्ही गॅरेजमधे कितीही वेळ आयडल करा, तो उघडला नाही तर कूलर रिकामाच. पुढे कधीतरी चढावर तापमान वाढतं, वॉल्व उघडतो, कूलर भरतो, आणि चेंबरमधलं ऑईल तेवढं कमी होतं. यात बिघाड काही नाही. स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान बघत गाडी चालवा, ते वाढत जाऊन एका जागी स्थिरावलं आणि कूलरच्या होजला गरमपणा आला की मग लेव्हल घ्या. तापमान १०० च्या बरंच पुढे गेलं तरी कूलर गारच असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय, तो बदला. ऑईल तापलेलं राहिलं तर किती वाईट ते मेकॅनिक लोकांच्या एका ठोकताळ्यात आहे, दर ११ अंश वाढले की ऑईलचं आयुष्य निम्मं.

इन आणि आउट उलटे लावलेत का हेही इथेच बघून घ्या. स्टार्ट केल्यावर जो पाइप आधी गरम होतो तो गिअरबॉक्समधून निघणारा. तो आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून जादाच्या कूलरमधे आणि तिथून परत गिअरबॉक्सला, हा नेहमीचा क्रम. फार थंड हवेत काही जण हा क्रम उलटा ठेवतात, म्हणजे रेडिएटर ऑईलला थोडं गरम करतो, तेही चालतं.

पारदर्शक पाइप

थोडी मेहनत, पण मला सगळ्यात आवडणारी तपासणी. परत येणाऱ्या लाइनमधे गिअरबॉक्सच्या जवळ हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, क्लॅम्प लावून. थर्मोस्टॅट असेल तर हा तुकडा थर्मोस्टॅट आणि गिअरबॉक्स यांच्यामधे आला पाहिजे, नाहीतर थंड असताना त्यात काहीच दिसणार नाही. गाडी आयडलवर ठेवून टॉर्चने बघा.

सुरुवातीला बुडबुडे येतील आणि दोन चार मिनिटांत ऑईल स्वच्छ लाल वाहायला लागेल, तर ती अडकलेली हवा होती आणि आता गेली. बुडबुडे थांबतच नाहीत, बारीक बारीक सतत, आणि लेव्हल बरोबर असल्याची खात्री आहे, तर हवा कूलरमधून येत नाहीये. पंपाच्या आधीच्या बाजूला, म्हणजे फिल्टर ते पंप या भागात, ती ओढली जातेय. इथे कूलरवरचा आरोप संपला, त्याला परत हात लावू नका.

हा पाइप गरम ऑईलला मऊ पडतो, म्हणून फक्त थंड गाडीत, काही मिनिटं, आणि लगेच काढून टाका. त्यावर गाडी चालवून बघायचा विचारही नको.

फ्लो मोजणं

हे दोघांनी करायचं काम. गाडी गरम करून बंद करा, परत येणारी लाइन गिअरबॉक्सजवळ सोडा, तिला होज जोडून लिटरच्या खुणा असलेल्या डब्यात सोडा आणि होज डब्याला बांधा, नाहीतर तो सापासारखा उडतो. एकाने डब्याकडे बघायचं, दुसऱ्याने चावीवर हात ठेवायचा. स्टार्ट, २० सेकंद आयडल, बंद. साधारण एक लिटर आलं पाहिजे असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे, काही कंपन्या ३० सेकंदांत १.९ लिटर मागतात. यापेक्षा जास्त वेळ चालवायचं नाही, पंप चेंबर उपसून कोरडा पडेल. जेवढं निघालं तेवढं मोजून ताजं परत भरा. ऑईल गरम असतं, चांगलं भाजतं, हातमोजे आणि चष्मा घाला.

कमी आलं तर जादाचा कूलर बाजूला ठेवून परत मोजा. आता वाढलं तर कूलर किंवा त्याचा होज तुंबलाय. वाढलं नाही तर रेडिएटरमधला कूलरही वगळून मोजा. पूर्वी कधी गिअरबॉक्स खराब होऊन बदलला असेल तर जुना चुरा नेमका या कूलरमधे बसलेला असतो. प्लेटचा कूलर फ्लश करून स्वच्छ झाला यावर माझा विश्वास नाही, मी सरळ नवा लावायला सांगतो. दोन्ही वगळून थेट गिअरबॉक्सच्या तोंडाशीच कमी येत असेल तर दोष आत आहे, तुमचं काम इथे संपलं.

चेंबर उघडणं

शेवटची आणि सगळ्यात किचकट. पारदर्शक पाइपात बुडबुडे थांबले नाहीत तरच. फिल्टरचा गळा ज्या भोकात बसतो तिथे एक सील किंवा ओ-रिंग असते. फिल्टर बदलताना जुनी रिंग भोकातच राहिली आणि वर नवी बसवली की फिल्टर वाकडा बसतो आणि तिथून हवा ओढतो. रिंग विसरलेलीही मी पाहिलीय, चिरलेलीही. कूलर बसवताना हात काळे झालेच आहेत तर फिल्टरही बदलून टाकू असं बरेच जण करतात, म्हणून त्रास कूलर बसवल्यापासून सुरू झाला असं वाटतं. मागच्या कामात फिल्टर बदलला होता का, हा प्रश्न स्वतःला किंवा ज्याने काम केलं त्याला विचारा.

चेंबर उघडला की तळातला चुंबक बघा. बारीक राखाडी चिखल नेहमीचा. चमचमणारे तुकडे, पितळी कण किंवा काळ्या अस्तराच्या खपल्या असतील तर चेंबर परत लावून पुढे चालवण्यात अर्थ नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, ॲल्युमिनियमचे आटे जायला वेळ लागत नाही. ब्रीदरही याच वेळी मोकळा आहे का बघा, तो मातीने बंद असेल तर आतलं प्रेशर ऑईलला दुसरीकडून बाहेर काढतं.

कुठे थांबायचं

ऑईल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसलं तर त्याच क्षणी इंजिन बंद. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समधे शिरलाय. क्लच प्लेटचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो गोंद कूलंट सोडवतो, त्यामुळे ऑईल बदलून बघतो, थोडं चालवून बघतो, असं काही करू नका. रेडिएटर आणि गिअरबॉक्स दोन्ही जाणकाराने बघायला हवेत.

ऑईल काळं पडून जळका वास येत असेल, लेव्हल बरोबर असूनही गिअर घसरत असेल, फिल्टरची सील नवी टाकूनही घुंईं आवाज तसाच असेल, किंवा स्कॅनरवर पी०७४१ (कन्व्हर्टरचं लॉक नीट लागत नाही) किंवा पी०८६८ (ऑईलचं प्रेशर कमी) असा कोड पुसल्यावर परत येत असेल, तर दोष पंप, वॉल्व बॉडी नाहीतर कन्व्हर्टरमधे आहे आणि तो घरच्या हत्यारांनी होत नाही. पी०२१८ म्हणजे ऑईल फार तापलं, तो कोड एकटाच असेल आणि कूलरला वारा लागत नव्हता हे सापडलं असेल तर दुरुस्त करून एकदा बघायला हरकत नाही.

मेकॅनिककडे जाताना कुठलं ऑईल, किती घातलं, गरम असताना लेव्हल किती होती आणि २० सेकंदांत किती आलं, एवढं कागदावर लिहून न्या. त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि कूलर काढून बघू या वाक्यातून तुम्हीही वाचता. गाडी घसरत असेल तर चालवत नेऊ नका, आणि चारी चाकं जमिनीवर ठेवून ओढूनही नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही पण चाकांबरोबर आतले गिअर फिरत राहतात, तेही कोरडे. फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर घेणाऱ्या ट्रकवर, चढवा, किंवा ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती उचलूनच न्या, आणि चारी चाकांना जात असेल तर फक्त फ्लॅटबेड.